वीस मिनिटं आधी

१

तीन दिवसांची सुट्टी जोडून आली की मागच्या अंगणात शेगडी पेटवायची, हा त्या घरचा जुना नेम. शेगडी म्हणजे एक लोखंडी पिंप, उभं चिरून आडवं टाकलेलं, खाली चार पाय आणि वर जाळी. बाबांनीच ते नोकरीत असताना चिरून आणलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. "अख्खी नोकरी वर-खाली करण्यात गेली, बढती मात्र एकदाही नाही," असं ते दर वर्षी कोळसे रचताना म्हणत, आणि दर वर्षी सगळे हसत.

बाबा आता चौऱ्याहत्तरचे झाले होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मोठी मुलगी त्यांच्यासोबत राहायची. तिला घरात सगळे ताईच म्हणायचे, वडीलसुद्धा. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची. काचेच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की बटण दाबायचं. ऐकू न येताच बटण दाबणारी म्हातारी माणसं तिला चेहऱ्यावरून ओळखू यायची. बाबा त्यांतलेच एक. तिनं हौसेनं बसवून दिलेलं कानातलं यंत्र ते शर्टाच्या खिशात ठेवत. "तिथं ते खराब होत नाही," म्हणत.

त्या शनिवारी दुपारी धाकटा भाऊ आला, बायकोला आणि सहा वर्षांच्या लेकीला, चिमणीला, घेऊन. ऊन चांगलंच होतं, पण अंगणात कंपाउंडच्या भिंतीची सावली पडू लागली होती. भिंत विटांची, पुरुषभर उंचीपेक्षा जरा जास्तच. तिच्यापलीकडचं घर आठ महिने रिकामं होतं. मालक परगावी, खिडक्या बंद, फाटकावर 'भाड्याने देणे'ची पाटी.

चार वाजता कोळसे धरले. भावजय बटाटे आणि कणसं जाळीवर मांडत होती. धाकट्यानं कोंबडीचे तुकडे मसाल्यात घोळवून आणले होते आणि आपण किती वेळ ते मुरवले हे तो तिसऱ्यांदा सांगत होता. ताई खुर्च्या पुसत होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडे काचेची बशी फुटली आणि एक लहान मुलगी म्हणाली, "मी नाही पाडली. तीच पडली."

"शेजारी कुणीतरी राहायला आलं वाटतं," भावजय म्हणाली.

ताईनं सवयीनं घड्याळ पाहिलं. आवाज आला की वेळ टिपायची, हा तिच्या कामातला भाग. चार वाजून दहा मिनिटं.

२

साडेचारला चिमणीच्या हातून काचेची बशी सुटली.

फरशीवर चार तुकडे झाले. चिमणीनं आधी बशीकडे पाहिलं, मग आईकडे. "मी नाही पाडली," ती म्हणाली. "तीच पडली."

धाकटा हसला. भावजय झाडू आणायला गेली. ताईच्या हातातलं फडकं मात्र तसंच राहिलं.

योगायोग. बशा सगळ्यांकडे असतात, पोरं सगळीकडे असतात, आणि बशी फोडणारं पोर जगात कुठेही हेच म्हणतं. तिनं स्वतःला असं पटवलं. पण तिचे कान तिचं ऐकेनात. शब्द सोडा, तो 'तीच'वरचा हेल चिमणीचाच होता. पुढचे दोन दात पडल्यामुळे 'च' मधून सुटणारी हवासुद्धा.

प्रतिध्वनी असेल, तिनं विचार केला. उंच भिंत, रिकामं घर, बंद खोल्या. आवाज कुठून कुठे फिरून येईल सांगता येत नाही. मग तिचं तिलाच हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. प्रतिध्वनी मागाहून येतो. आधी येत नाही.

३

ती भिंतीजवळची खुर्ची घेऊन बसली.

पलीकडे कोळसे तडतडत होते. चिमटा जाळीवर घासल्याचा आवाज. कुणी तरी शिंकलं, लागोपाठ तीनदा, आणि एक बाई म्हणाली, "धुराकडे तोंड करून उभं राहायचं आणि मग शिंकायचं." चार चौतीस.

ताई उठली, पुढच्या दारानं बाहेर पडली आणि शेजारच्या फाटकाशी गेली. फाटकाला कुलूप होतं. कडीवर कोळ्यानं जाळं विणलेलं. गजांतून घराच्या बाजूची बोळ आणि मागचं अंगण दिसत होतं. तिथं गुडघाभर गवत वाढलं होतं आणि ते कुठेही दबलेलं नव्हतं. शेगडी नाही, खुर्ची नाही, धूर नाही. एका तारेवर कुणाचं तरी विसरलेलं फडकं वाळून कडक झालं होतं.

ती परत आली तेव्हा चार चौपन्न व्हायला आले होते. धाकटा जाळीवर ओणवा होऊन तुकडे परतत होता. तो शिंकला. एकदा, दोनदा, तीनदा.

"धुराकडे तोंड करून उभं राहायचं आणि मग शिंकायचं," भावजय म्हणाली.

चिमणी भिंतीला कान लावून उभी होती. "आत्या, तिकडे पण एक चिमणी आहे," ती हळूच म्हणाली. "पण ती आता रडतेय."

४

ताईनं तिला बाजूला केलं आणि स्वतः कान लावला. वीट उन्हानं तापली होती.

पलीकडे बाबा गोष्ट सांगत होते. तीच, लिफ्टमध्ये अडकलेल्या साहेबांची. पण गोष्ट अर्धी राहिली होती. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग काहीच नाही, मग एक घरघर. ताईला ती घरघर माहीत होती. घास अडकला तर काय करायचं, ते इस्पितळात दर वर्षी रबरी पुतळ्यावर शिकवतात. खरी एकदाच ऐकली होती, उपाहारगृहात.

"बाबा?" धाकट्याचा आवाज. "बाबा, काय झालं? घास अडकला का? ताई कुठंय? ताईला बोलवा."

"आत्या आत फोनवर आहे," चिमणी रडत म्हणाली.

मग सगळ्यांचे आवाज एकात एक मिसळले. धाकटा पाठीवर थापट्या मारत होता, चुकीच्या, वरवरच्या. भावजय पाणी पाजायला बघत होती. पाणी नको, ताईच्या मनात आलं, अजिबात पाणी नको. मग दार जोरात उघडलं. धावती पावलं. ताईला स्वतःचा आवाज ऐकू आला.

माणसाला आपला आवाज बाहेरून ओळखता येत नाही. पण ताईला यायचा. 'आवाज ऐकू आला की बटण दाबा' ही सूचना इस्पितळात तिच्याच आवाजात भरलेली होती आणि ती रोज तीस वेळा तिच्या कानावर पडायची.

"मी दोन मिनिटंच आत गेले होते," तो आवाज म्हणत होता. "बाबा. बाबा, इकडे बघा. मी दोनच मिनिटं आत गेले होते."

तिनं घड्याळ पाहिलं. चार अठ्ठावन्न. मागे वळून बघितलं. बाबा खुर्चीत बसून कणसावर लिंबू चोळत होते आणि चिमणीला डोळा मारत होते.

५

वीस मिनिटं हातात असली की माणसाला वाटतं पुष्कळ झाली. ताईला काय सांगावं तेच कळेना. भिंतीनं सांगितलं म्हणून शेगडी विझवा? धाकट्यानं आधी तिला सावलीत बसवलं असतं आणि मग डॉक्टरला फोन केला असता.

तिनं बाबांची ताटली उचलली आणि कोंबडीचा तुकडा सुरीनं चिरचिर चिरला.

"मी काय तान्हा आहे का?" बाबा म्हणाले.

"दाढा कुठे आहेत तुम्हाला?"

"दाढा नाहीत म्हणून काय झालं. जिद्द आहे."

ती त्यांच्याशेजारी खुर्ची लावून बसली, इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावर उगीच हात ठेवला. लहानपणी ताप पाहायला ठेवत तसा.

"आज माझी फार काळजी चाललीय," ते म्हणाले. "काय हवंय?"

"काही नको. फक्त ती लिफ्टची गोष्ट आज सांगू नका."

"का, शिळी झाली?"

"शिळी झाली."

"मग गरम करून सांगतो."

आणि त्यांनी सुरुवात केलीच. चिमणी ऐकायला बसली म्हटल्यावर त्यांना कोण थांबवणार. पाच चौदाला स्वयंपाकघरात ताईचा फोन वाजला.

"ताई, फोन," धाकटा म्हणाला.

"वाजू दे."

फोन थांबला आणि पुन्हा वाजला.

"अगं, इस्पितळातून असेल. घे ना. बाबा कुठे पळून चाललेत?"

"वाजू दे म्हटलं ना." ती इतक्या हलक्या आवाजात बोलली की धाकट्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

बाबांचं लक्ष नव्हतं. "तर साहेब आतून ओरडतायत, मला वर जायचंय, मला वर जायचंय. मी खालून सांगितलं, साहेब, वर सगळ्यांनाच जायचंय, पण..." आणि बोलता बोलता त्यांनी चिमणीच्या ताटलीतला एक भला मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला. नातीची खोडी काढायची म्हणून.

खुर्ची सरकली. बाबांचे दोन्ही हात गळ्याकडे गेले.

ताई केव्हाच उठली होती. तिनं त्यांना पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या बाजूनं पाच दणके दिले. काही झालं नाही. "पाणी नको," ती भावजयीला म्हणाली. तिनं पाठीमागून बाबांच्या पोटाभोवती हात घातले, मूठ बेंबीच्या वर ठेवली आणि आत, वरच्या बाजूला ओढली. बाबा केवढे हलके झालेत, हे तिला त्या क्षणी कळलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी तुकडा बाहेर उडून फरशीवर पडला आणि बाबांनी श्वास घेतला.

कितीतरी वेळ ते नुसते खोकत होते. चिमणी त्यांच्या मांडीला बिलगली होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अशा अवतारात त्यांनी मान वर केली.

"पण नंबर लागल्याशिवाय नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

आधी कुणाला कळेना. मग धाकटा हसला, मग भावजय, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

६

साडेसहाला सगळी आवराआवर चालू होती. धाकटा आणि भावजय आत भांडी विसळत होते. चिमणी सोफ्यावर झोपली होती. शेगडीत राख धरली होती. बाबा अंगणातच खुर्चीत टेकून बसले होते, पोटावर हात ठेवून. फासळ्या दुखतायत पण झक्क वाटतंय, म्हणत होते.

भिंतीपलीकडे मघापर्यंत माणसांची ये-जा ऐकू येत होती. स्ट्रेचरची चाकं, शेजाऱ्यांची कुजबुज, दारं. आता सगळं शांत होतं. ताईला वाटलं, संपलं. जे व्हायचं ते तिकडे झालं, इकडे झालं नाही.

मग गवतातून कुणी तरी एकटंच चालत आलं आणि भिंतीशी येऊन थांबलं.

"आहेत ना तिकडे?"

ती उठून आत जाऊ शकली असती. पण तो आवाज रडून रडून बसलेला होता आणि तो तिचाच होता.

"मला खोकला ऐकू आला," तो आवाज म्हणाला. "आणि नंतर हसणं. खोकल्यानंतर हसणं ऐकू आलं."

"आहेत," ताई म्हणाली.

"मी फोन घ्यायला गेले होते."

"माहीत आहे मला."

"तू नाही गेलीस?"

"नाही."

"का?"

"तुमच्याकडचं सगळं ऐकू आलं म्हणून." हे सांगताना ताईला लाज वाटली. कुणाच्या तरी ताटातलं आपण उचलून खाल्लं, तशी.

आवाज भिंतीच्या आणखी जवळ आला. "मग मला आधी कुणाचंच कसं ऐकू आलं नाही?"

ताईनं वळून खुर्चीतल्या बाबांकडे पाहिलं.

"त्यांना जरा भिंतीजवळ आण," आवाज म्हणाला. "बोलू दे त्यांना. मी काही करत नाही. नुसतं ऐकते."

७

शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. ताईही एरवी शहाणी होती. पण वीस मिनिटं इकडे-तिकडे झाली असती, तर भिंतीशी उभी राहून भीक मागणारी तीच असती, आणि हे तिला विसरता येईना.

"बाबा, खुर्ची इकडे घेऊ या. तिथं धूर येतोय."

धूर कुठेच नव्हता. तरी बाबा उठले आणि भिंतीशी येऊन बसले. ताई त्यांच्या डाव्या बाजूला बसली.

"काहीतरी सांगा," ती म्हणाली. "गोष्ट नको. माझ्या लहानपणचं सांगा."

बाबांना एवढंच हवं होतं. त्यांनी सांगितलं, तू चार वर्षांची असताना तुला मी कामावर घेऊन गेलो होतो. गच्चीवरच्या मोटारच्या खोलीत तू झोपून गेलीस, त्या खडखडाटात. मशीन बंद केलं की जागी व्हायचीस आणि रडायचीस, म्हणून मी लिफ्ट तासभर रिकामीच वर-खाली करत राहिलो. साहेब म्हणाले, लिफ्टला काय झालंय? मी म्हटलं, साहेब, तिची तब्येत पाहतोय.

भिंतीपलीकडे कुणी तरी हसलं. हुंदक्यातून येतं तसं.

बाबांनी मान वर केली. यंत्र त्यांच्या खिशातच होतं.

"अगं, तू तिकडे कुठं गेलीस?" ते म्हणाले.

ताईनं त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. भिंतीच्या वरच्या विटेवर चार बोटं होती. त्यांच्यामागे केस, मग कपाळ. डोळे वर यायच्या आत ताईनं मान खाली घातली. ते आपण पाहायचे नाहीत, एवढं तिला कुणी न सांगता समजलं.

"पडशील," बाबा म्हणाले. आवाजात नुसती माया होती. "सांभाळून. हात दे."

"बाबा, चला. आत चला." ताईनं त्यांचा डावा हात धरला. बाबा अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

तिनं ओढलं. ते जागचे हलले नाहीत. तासाभरापूर्वी कापसासारखे लागलेले बाबा आता जमिनीत पुरल्यासारखे जड झाले होते. खाली घातलेल्या नजरेनंसुद्धा तिला त्यांची सावली दिसत होती. सावलीचा उजवा हात सरळ वर गेला होता, भिंतीकडे, ताणलेला.

"दोघी ओढू नका गं," बाबा म्हणाले. "दुखतं."

स्वयंपाकघराचं दार उघडलं. "ताई, चहा झालाय," धाकटा म्हणाला.

बाबांचा उजवा हात खाली आला. ते खुर्चीत बसले आणि मनगट चोळू लागले. भिंतीवर काही नव्हतं.

८

त्यानंतर ताईनं बाबांची खुर्ची पुढच्या व्हरांड्यात ठेवली. दोन दिवसांनी बाबांनी ती परत मागे नेली. तिथं सावली बरी असते, म्हणाले. ताई रोज संध्याकाळी कामावरून येऊन त्यांच्याजवळ बसायची, कान टवकारून. एकदाही काही ऐकू आलं नाही. कामावर ती स्वतःचेही कान दोनदा तपासून आली. दोन्ही उत्तम होते.

दीड महिन्यानं शेजारचं घर भाड्यानं गेलं. गवत कापलं गेलं, खिडक्या उघडल्या. एक तरुण जोडपं होतं. बायको घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. एका संध्याकाळी ताई कामावरून येत असताना ती ताईच्या फाटकाशी भेटली.

"तुमचं मला फार कौतुक वाटतं," ती म्हणाली. "वडिलांशी इतकं कोण बोलतं हल्ली? सकाळी साडेदहाला तुमच्या गप्पा सुरू झाल्या की मी मुद्दाम खिडकी उघडून बसते. दोन शब्द कानावर पडतात, बरं वाटतं. राग नाही ना आला?"

सकाळी साडेदहाला ताई काचेच्या खोलीबाहेर बसलेली असायची. रोज.

"नाही," ती म्हणाली. "काय बोलत असतो आम्ही?"

"असंच. जेवलात का, औषध घेतलंत का, फासळ्या दुखतात का अजून. तुम्ही फार प्रेमानं विचारता." बाई हसली. "आणि उठताना तुम्ही रोज म्हणता, आता चला ना बाबा माझ्याकडे. काय गंमत आहे तुमची? एकाच घरात राहता की."

"आणि ते काय म्हणतात?"

"रोज नकोच म्हणायचे. म्हणायचे, तिला वाईट वाटेल. मला कळायचं नाही, तिला म्हणजे कुणाला. पण आज म्हणाले, बरं, येतो. ती घरी आली की तिला सांगतो आणि निघतो."

व्हरांड्यातला दिवा लागला. घराचं दार उघडं होतं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं आली, सावकाश, दाराच्या दिशेनं.

"ताई?" बाबांनी हाक मारली. "आलीस का गं?"

शेजारीण तिच्या तोंडाकडे पाहू लागली. ताई फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. तिनं ओ दिली नाही.